साहेबांच्या कानावर घातलं, मग पुढे?

या खेपेला टपालात कॉलेज-संकुलांमधून आलेली पत्रं जास्त आहेत. वसतिगृह ही गोष्ट सातारकरांना काही नवी नाही. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली इथे शाहू बोर्डिंग काढलं, तेव्हापासून परगावची पोरं या गावात राहून शिकतात. आता मात्र एकाच कंपाउंडमध्ये बालवाडी, अकरावी-बारावी, पदवी, पीएच.डी. आणि कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स असा सगळा पसारा असतो, आणि तरीही कारभारी मंडळी म्हणतात, "विद्यापीठ आहे हो, इथे लहान मुलं कुठली?" मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, नंतर बाल कल्याण समितीवर काम केलं. त्या अनुभवातून उत्तरं देते आहे. पत्रांतल्या ओळखीच्या खुणा पुसल्या आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही साताऱ्यात एका संकुलाच्या क्वार्टर्समध्ये राहतो. यजमान तिथेच सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. दरवर्षी नेमणुकीची ऑर्डर हातात पडेपर्यंत जिवात जीव नसतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक ज्येष्ठ प्राध्यापक एकटेच राहतात. सगळ्या पोरांचे ते 'काका'. संध्याकाळी कॅरम खेळायला मुलांना घरी बोलावतात. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जेवता जेवता सहज बोलून गेला, "काका दार लावतात आणि मोबाइलवर मोठ्यांचे व्हिडिओ दाखवतात. आईला सांगायचं नाही म्हणतात." बाकी काही झालं नाही असं तो सांगतो. यजमानांनी विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "लेखी काही देऊ नका. सर रिटायरमेंटला आलेत. मी समजावतो." त्याला तीन आठवडे झाले. कॅरम चालूच आहे. माझ्या मुलाला मी पाठवत नाही, पण बाकीची जातात. आम्ही आमचं काम केलं ना? — एक आई, सातारा

उत्तर : नाही, ताई, झालेलं नाही. यजमानांनी तोंड उघडलं हे चांगलं केलं, पण चुकीच्या दारात जाऊन उघडलं.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे, अठरा वर्षांखालच्या मुलाबाबतीत असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटली, त्याने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं आहे. त्या कलमात विभागप्रमुख, प्राचार्य, कुलसचिव यांपैकी कुणाचाही उल्लेख नाही. साहेबांना सांगायचं तर खुशाल सांगा, पण तेवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही.

"बाकी काही झालं नाही" हे मुलाच्या लेखी ठीक. कायद्याच्या लेखी मात्र लैंगिक हेतूने मुलाला अश्लील चित्रफीत दाखवणं हाच लैंगिक छळ आहे. कलम ११ वाचा. त्यात हात लावण्याची अट नाही, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. शिवाय तुमच्या मुलाने एका वाक्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दार लावणं, मोबाइल, आणि "आईला सांगायचं नाही". समितीवर असताना मुलांच्या तोंडून मी जे ऐकलं, त्यात सुरुवात बहुतेक वेळा अशीच असायची. आधी लाड, मग मोठ्यांना वगळून केलेलं गुपित, आणि मग मुलालाच वाटायला लागतं की यात आपणही सामील आहोत.

मी काकांना गुन्हेगार म्हणत नाही, हे नीट वाचा. ते ठरवणं माझं काम नाही, तुमचं नाही, आणि विभागप्रमुखांचं तर मुळीच नाही. "मी समजावतो" म्हणणाऱ्या माणसाने तपास, खटला आणि निकाल तिन्ही आपल्या केबिनमध्ये उरकून टाकले. माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेचा कारभार ज्याच्या हातात आहे त्याने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे त्यांच्या कानावर घाला.

ही कागदावरचीच भीती आहे असं कुणी म्हणेल. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहात लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण होतं. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांना कळलं होतं, पण त्यांनी कळवलं नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट केलं.

विद्यापीठाचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या पेन स्टेटचं बघा. तिथे २००१ साली एका तरुण सहाय्यकाने फुटबॉलच्या माजी प्रशिक्षकाला न्हाणीघरात एका लहान मुलासोबत पाहिलं. त्याने मुख्य प्रशिक्षकाला सांगितलं, मुख्य प्रशिक्षकाने वरच्याला, वरच्याने आणखी वर, पार विद्यापीठाच्या अध्यक्षापर्यंत. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण सांगितलं, सुटलो. अटक व्हायला २०११ उजाडलं. २०१२ मध्ये त्या प्रशिक्षकावर ४५ आरोप सिद्ध झाले. अध्यक्षाचं पद गेलं, आणि पुढे त्यालाही तुरुंगात जावं लागलं. आपल्याकडची "वरती कळवलंय" ही पद्धत वेगळी कुठे आहे?

आता मुलाशी कसं वागायचं ते सांगते. उलटतपासणी घेऊ नका. "हात लावला का? कुठे लावला? नक्की?" असे प्रश्न रोज विचारले की मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलायला लागतं. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत तारीख घालून वहीत लिहा. 'मोठ्यांचे व्हिडिओ' म्हणाला असेल तर तेच लिहा, तुमचा शब्द घालू नका. त्याला एकच सांगा : तू सांगितलंस ते बरं केलंस, तू काही चुकला नाहीस. "मुलगाच आहे, त्याला काय होतंय" असं घरातलं कुणी म्हणालं तर केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीची आठवण द्या. तेरा राज्यांत झालेल्या त्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते.

क्वार्टर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं अक्षरही टाकू नका. मुलाची ओळख उघडी पडते आणि समोरच्याला मोबाइल साफ करायला सवड मिळते. बाकीच्या घरी फक्त एवढं सांगा की मुलांना कुणाच्याही बंद दाराआड पाठवू नका. कॅरम बोर्ड खाली पार्किंगमध्ये मांडला तरी खेळता येतो.

राहिली यजमानांची ऑर्डर. ती भीती खोटी नाही. सीएचबीवाल्या माणसाला काढायला कुणाला कारण लागत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच १०९८ आहे. मुलांच्या मदतीसाठी चोवीस तास चालणारा फुकट नंबर. फोन तुम्ही करा, आणि नाव गुप्त ठेवायला सांगा. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही, हेही १९व्या कलमातच आहे. जबाब घ्यायला पोलीस घरी येतात, शक्यतो महिला अधिकारी असते, आणि गणवेशात यायचं नसतं. कुणी मुलाला ठाण्यात घेऊन या म्हणालं, तर आवाज न चढवता "कलम २४" एवढंच म्हणा.

हा अंक तुमच्या हातात पडायची वाट बघू नका म्हणून वेगळं पत्रही टाकलं आहे.

प्रश्न : बाई, मी जत तालुक्यातला शेतकरी. मुलगी सांगलीला अकरावी सायन्सला आहे, वय सोळा. कॉलेजच्या वसतिगृहात सीनियरच्या मुलींसोबत राहते. दिवाळीला आली तेव्हा तिच्या मोबाइलवर एका सरांचे रात्री अकरानंतरचे मेसेज दिसले. "झोपलीस का", "डीपी छान आहे", "प्रॅक्टिकलचं आपण बघू, केबिनला एकटीच ये". विचारलं तर रडायला लागली. तिची आई म्हणते, दाखला काढून घरी आणू, अब्रू गेली तर कोण विचारणार. कॉलेजात महिला तक्रार समितीचा बोर्ड आहे. तिथे द्यावं की कसं? पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. — एक बाप

उत्तर : दादा, आधी दाखल्याचं बोलू. ती रडली, पण तिने आपण होऊन सांगितलं नव्हतं. का, ते विचारा तिला हळूच. माझ्या वसतिगृहात मुली अशा गोष्टी महिनोन् महिने पोटात ठेवायच्या, आणि कारण बहुतेक एकच असायचं : "घरी कळलं की शिक्षण बंद." सरांपेक्षा त्यांना आईवडिलांची भीती जास्त. तुम्ही दाखला काढलात की तिचा अंदाज खरा ठरला. धाकटी बहीण असेल तर तीही धडा घेईल, की असलं काही घरी सांगायचं नसतं. दाखल्यामागून स्थळं बघणं सुरू होतं, तेही मी खूप पाहिलं आहे. अठराच्या आत लग्न लावलंत तर गुन्हेगार तुम्ही व्हाल. तेव्हा दाखला आहे तिथेच राहू द्या.

आता समिती. तो बोर्ड कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांनी लागला आहे. ती व्यवस्था नोकरी करणाऱ्या बायका आणि उच्च शिक्षणातल्या विद्यार्थिनी यांच्यासाठी. तिच्यात तक्रारदार बाईची इच्छा असेल तर समेटाचीही सोय आहे. तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे. ती कायद्याने बालक. सीनियर कॉलेजच्या त्याच गेटातून जाते, तसंच ओळखपत्र गळ्यात घालते, म्हणून ती मोठी होत नाही. पॉक्सोत समेट नाही. समितीला पत्राची प्रत द्या, पोच घ्या, पण आधी पोलीस ठाणं. समितीने "आधी आमची चौकशी होऊ द्या" म्हटलं तर त्यासाठी थांबू नका.

लैंगिक हेतूने मुलाशी मोबाइलवरून पुन्हा पुन्हा संपर्क साधणं कलम ११ मध्येच येतं. शिक्षण संस्थेतल्या माणसाने तिथल्याच मुलीला हात लावला तर तो गंभीर स्वरूपाचा गुन्हा धरला जातो, शिक्षा वाढते. "तिची पण इच्छा होती" हा बचाव अठराच्या आत चालत नाही. हे मी नुसतं तुमच्यासाठी लिहीत नाही. दहावीनंतर डिप्लोमाला आलेली मुलं पंधरा-सोळाची असतात, पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्यांतही कित्येक सतराचीच. प्राध्यापक मंडळींनी हजेरीपटातल्या जन्मतारखा एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

मेसेज पुसू नका, सरांना ब्लॉकही लगेच करू नका. नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, दुसऱ्या मोबाइलवर पाठवून ठेवा. मूळ मोबाइल जपा, पोलिसांना तोच लागतो. उत्तर द्यायचं नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत. तुम्ही स्वतः चार माणसं घेऊन कॉलेजवर जाण्याच्या विचारात असाल तर तो सोडा. गेटवर दंगा झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या सांगलीत मुलीचं नाव होतं, आणि सर रजेवर जातात.

मार्कांचं म्हणाल, तर बारावीला प्रॅक्टिकलचे विषयाला ३० गुण असतात आणि बोर्डाच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक असतो. एकट्या सरांच्या मनावर ते नाही. पण मुलीला तसं भासवलं जातं, कारण तिला माहीत नसतं. तिला सांगा. केबिनला जायची वेळ आलीच तर मैत्रीण सोबत आणि दार उघडं. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना भेटून हे तोंडी आणि लेखी दोन्ही सांगा. बाई जाग्या असतील तर त्या संध्याकाळपासूनच मुलीची चौकशी करतील. नसतील, तर निदान त्यांना कळलं होतं हे कागदावर राहील.

प्रश्न : मी सांगलीतला क्रीडा शिक्षक. संकुलाच्या मैदानावर उन्हाळ्यात आठ ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिबिर घेतो. मदतीला कॉलेजचीच पोरं असतात. बदलापूरनंतर पालकांची नजर बदलली आहे. मुलाचा खांदा सरळ केला तरी चार डोळे वळतात. सीसीटीव्ही लावा म्हणतात. प्रामाणिक माणसाने कसं काम करायचं? — एक प्रशिक्षक

उत्तर : सर, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं जे प्रकरण उघडकीला आलं त्यानंतर पालक डोळे उघडून बघत असतील, तर बघू द्या. पॉक्सोच्या प्रकरणांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत; ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. तेव्हा चांगल्या माणसाला वेगळं ओळखायची युक्ती पालकांकडे नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून नियम माणूस बघून करायचा नसतो. आमच्या वसतिगृहात प्लंबर आला तरी त्याच्यासोबत शिपाईमामा वर जायचे, आणि संस्थेचे अध्यक्ष आले तरी शिपाईमामाच सोबत जायचे. अध्यक्ष एकदा चिडले होते. चहा पाजला.

तुमच्याकडे काय करता येईल? कुठलाही एक मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा राहणार नाही अशी आखणी करा. साहित्याची खोली, कपडे बदलायची जागा आणि शेवटी उरलेलं एक मूल, या तीन ठिकाणी घोळ होतो. त्यातही तिसऱ्या ठिकाणी जास्त. शिबिर सातला सुटतं, एक पालक साडेसातला येतात, तोवर तुम्ही आणि ते मूल. तिथे दुसऱ्या प्रशिक्षकाने थांबायचं आणि मैदानावर दिव्याखाली बसायचं, ऑफिसात नाही. नेणाऱ्याची सही रजिस्टरला घ्यायची. नाव आधी लिहून दिलेलं नसेल तर सख्खा मामा असला तरी आईला फोन. मामा रागावतात, आया नाही.

खांदा सरळ करायचाच असेल तर आधी तोंडाने सांगा, "खांदा धरतोय हं," आणि सगळ्यांसमोर धरा. मुलांना वेगवेगळे मेसेज नकोत. पालकांचा ग्रुप असतो, काय कळवायचं ते तिथे. मदतीच्या पोरांना हेच पहिल्या दिवशी शिकवा. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने कायम असो की कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची असते, आणि त्यांना प्रशिक्षणही द्यायचं असतं. "आमच्याच कॉलेजचा पोरगा आहे" ही पडताळणी होत नाही.

सीसीटीव्ही लावा, बिघडत काही नाही. पण तो घडून गेल्यावर दाखवतो, आणि कपडे बदलायच्या जागी तो लावता येत नाही. त्यापेक्षा पालकांना कधीही, न सांगता, मैदानाच्या कडेला येऊन बसू द्या. दोन खुर्च्या टाका. शिबिराला पालकांनी यायचं नाही असा नियम कुठे वाचला की मी त्या शिबिराच्या वाटेला माझी नात पाठवत नाही.

प्रश्न : आमच्या कॅम्पसमध्ये नव्या इमारतीसाठी खड्डा खणून ठेवलाय, पावसाचं पाणी साचलंय, क्वार्टर्सची पोरं त्यात दगड टाकत बसतात. आणि नातू, वय चौदा, कॅम्पसमध्येच तर आहे म्हणून अ‍ॅक्टिव्हा फिरवतो. सून म्हणते, आई तुम्ही फार घाबरता. — आजी, सातारा

उत्तर : आजी, तुम्ही बरोबर घाबरता. खड्ड्याचा फोटो काढा आणि कुलसचिवांच्या नावे दोन ओळी लिहून आवक विभागात द्या : ठेकेदाराने आजच्या आज पत्रे लावून कुंपण करावं. शिक्का मारलेली पोच घ्या. दोन दिवसांत पत्रे लागले नाहीत तर तीच पोच जोडून नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला, जे तुमच्याकडे लागू असेल तिथे द्या. जाता जाता प्रयोगशाळेच्या मागे फुटक्या बाटल्या टाकलेल्या दिसल्या तर त्याच अर्जात तिसरी ओळ वाढवा.

अ‍ॅक्टिव्हाचं सुनेला असं सांगा की अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. कॅम्पसच्या गेटबाहेर पडायला त्याला अर्धा मिनिट पुरतो. किल्ली तुमच्या बटव्यात ठेवा. सून रागावली तर मला पत्र टाकायला सांगा.